वजनकाट्याचा आकडा थेट संगणकात : सिरियल पोर्टवरून माहिती वाचणारा डेस्कटॉप प्रोग्राम कसा लिहावा

इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर दिसणारे वजन हाताने टाइप न करता थेट संगणकाच्या पडद्यावर आणि तेथून पावतीवर यावे, ही गरज दूध संकलन केंद्रापासून साखर कारखान्याच्या वजनपुलापर्यंत अनेक ठिकाणी असते. या लेखात दूध संकलन केंद्रावरचा काटा उदाहरणादाखल घेतला आहे. एक काटा, एक विंडोज किंवा लिनक्स संगणक आणि पायथन भाषेत लिहिलेला एक छोटा डेस्कटॉप प्रोग्राम एवढीच सामग्री त्यासाठी पुरते. प्रोग्रामिंगची तोंडओळख असलेल्या, पण हार्डवेअरशी कधी संबंध न आलेल्या वाचकाला समोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. सिरियल पोर्टमधून, म्हणजे एकामागून एक बिट नेणाऱ्या जोडणीतून, वजन येत नाही, बाइट येतात, आणि तेही प्रोग्रामच्या सोयीने तुकडे पाडून येत नाहीत. त्या बाइटांमधून वाक्य ओळखणे, ते पूर्ण आहे का हे तपासणे, ते आत्ताचे आहे की मघाचे हे ठरवणे, ही सगळी जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची असते. पोर्ट उघडून आकडा पडद्यावर आणणे अर्ध्या तासात जमते. मात्र तो आकडा दूध उत्पादकाच्या पैशांचा आधार ठरावा इतका भरवशाचा करणे हे खरे काम आहे, म्हणून लेखाचा मोठा भाग त्यावरच खर्च केला आहे.

जोडणी

बहुतेक काट्यांच्या इंडिकेटरला, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या पेटीला, मागच्या बाजूस नऊ पिनांचा कनेक्टर असतो आणि त्यावर आरएस-२३२ या पद्धतीने माहिती बाहेर पडते. हे मानक अमेरिकेत १९६० साली प्रथम प्रसिद्ध झाले आणि त्याची १९६९ ची सुधारित आवृत्ती पुढे जगभर रूढ झाली. इतके जुने असूनही ते टिकून आहे, कारण तीन तारांत काम भागते आणि समोरच्या यंत्रात फारशी अक्कल असावी लागत नाही. संगणकाच्या बाजूच्या नऊ पिनी कनेक्टरवर दोन क्रमांकाची पिन माहिती घेते, तीन क्रमांकाची पाठवते आणि पाच क्रमांकाची पिन म्हणजे दोघांची सामाईक ग्राउंड.

घोटाळा होतो तो काट्याच्या बाजूला. काही उत्पादक दोन क्रमांकावरून माहिती पाठवतात, काही तीनवरून. त्यामुळे कुठे सरळ केबल लागते आणि कुठे दोन आणि तीन क्रमांकाच्या तारा उलटवलेली, म्हणजे क्रॉस केबल. पुस्तिका हाताशी नसेल तर मल्टिमीटरने याचा निकाल लावता येतो. केबल काढून, काटा चालू ठेवून, पाच क्रमांकाच्या पिनच्या तुलनेत दोन आणि तीन या पिनांवरचा डीसी व्होल्टेज मोजावा. आरएस-२३२ मध्ये पाठवणारी तार निवांत असताना ऋण व्होल्टेजवर असते. ज्या पिनवर साधारण उणे ५ ते उणे १२ व्होल्ट दिसतील ती त्या यंत्राची पाठवण्याची पिन समजावी. काटा सतत माहिती पाठवत असेल तर हा आकडा थोडा हलतो, पण कल ऋणच राहतो. हीच पिन संगणकाच्या दोन क्रमांकाच्या पिनशी जोडायची असते.

आजच्या लॅपटॉपला नऊ पिनी पोर्ट नसतो, म्हणून यूएसबी ते सिरियल कन्व्हर्टर घ्यावा लागतो. बाजारात दिसायला सारखे दोन प्रकार मिळतात आणि त्यांची अदलाबदल महागात पडते. एक खऱ्या आरएस-२३२ पातळीचा, नऊ पिनी कनेक्टर असलेला. दुसरा टीटीएल पातळीचा, म्हणजे ० ते ५ किंवा ० ते ३.३ व्होल्टवर चालणारा, सुट्या पिनांची पट्टी असलेला. हा दुसरा प्रकार आर्डुइनोसारख्या बोर्डांसाठी असतो. त्याला काट्याची आरएस-२३२ तार थेट जोडली तर ऋण-धन व्होल्टेजने चिप जळू शकते आणि नाही जळली तरी बिट उलटे वाचले जातात, कारण दोन्हींची शून्य-एकची रीत परस्परविरुद्ध आहे. दोन्ही जोडायचेच असतील तर मध्ये मॅक्स-२३२ सारखी पातळी बदलणारी चिप लागते.

कन्व्हर्टरच्या आत एफटीडीआय, सीपी-२१०२, सीएच-३४० किंवा पीएल-२३०३ यांपैकी एखादी चिप असते. केंद्रावर कायम बसवायच्या संगणकासाठी मी एफटीडीआय चिपचा कन्व्हर्टर सुचवेन. अशा प्रत्येक चिपमध्ये सहसा स्वतंत्र अनुक्रमांक नोंदलेला असतो, जो सीएच-३४० च्या बहुतेक स्वस्त कन्व्हर्टरमध्ये नसतो, आणि पुढे दोन यंत्रे एकाच संगणकाला जोडायची वेळ आली की त्या अनुक्रमांकाचे मोल कळते.

विंडोजमध्ये कन्व्हर्टर लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमधील पोर्टच्या यादीत कॉम-३, कॉम-५ असे नाव दिसते. लिनक्सवर हाच पोर्ट डेव्ह फोल्डरमध्ये टीटीवाय-यूएसबी-० अशा नावाने येतो. उबुंटू आणि डेबियनमध्ये तो उघडण्यासाठी आपले खाते डायलआउट या गटात असावे लागते आणि गटात घातल्यानंतर एकदा लॉगआउट होऊन पुन्हा यावे लागते. नवख्यांना येणारी ‘परवानगी नाही’ ही अडचण बहुधा एवढ्यानेच सुटते.

कोडच्या आधी टर्मिनल

पायथन उघडण्यापूर्वी पुटी किंवा टेराटर्म यांसारख्या टर्मिनल प्रोग्राममध्ये काट्याची माहिती डोळ्यांनी पाहावी. येथे जे दिसत नाही ते आपल्या कोडमध्येही दिसणार नाही, आणि तेव्हा दोष तारेचा की कोडचा हे कळायला मार्ग उरणार नाही.

टर्मिनलला चार गोष्टी सांगाव्या लागतात : बॉड रेट, म्हणजे सेकंदाला किती बिट, एका अक्षरात डेटाचे किती बिट, पॅरिटी (चूक ओळखण्यासाठी जोडला जाणारा जादा बिट) असल्यास सम की विषम, आणि स्टॉप बिट, म्हणजे अक्षर संपल्याची खूण करणारे बिट, किती. या चारही गोष्टी काट्याच्या मेन्यूत दिसतात किंवा पुस्तिकेत छापलेल्या असतात. ९६०० बॉड, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही आणि एक स्टॉप बिट ही जोडी सर्वाधिक आढळते. जुन्या काट्यांवर १२०० किंवा २४०० बॉडही भेटतो. फ्लो कंट्रोल, म्हणजे ‘थांब’ आणि ‘पाठव’ असे एकमेकांना सांगण्याची सोय, ‘काही नाही’ असे ठेवावे. पुटीमध्ये ते मुळात एक्सऑन-एक्सऑफ असते, त्यामुळे आठवणीने बदलावे.

पडद्यावर काहीच आले नाही तर तारेचा संशय घ्यावा, आणि सगळाच कचरा आला तर बॉड रेटचा. तिसरी शक्यता फसवी आहे : माहितीचा काही भाग बरोबर दिसतो आणि मध्येमध्ये विचित्र चिन्हे दिसतात. आकड्यांपैकी ०, ३, ५, ६ आणि ९ व्यवस्थित येत असतील आणि १, २, ४, ७, ८ यांच्याच जागी कचरा येत असेल, तर काटा सात डेटा बिट व सम पॅरिटीवर पाठवत आहे आणि आपण आठ बिट वाचत आहोत, असे ठामपणे सांगता येते. अ‍ॅस्की संकेतांत ०, ३, ५, ६ आणि ९ या पाच आकड्यांच्या बिटांमध्ये एकांची संख्या सम असते, म्हणून त्यांचा पॅरिटी बिट शून्य राहतो आणि आठवा बिट म्हणून वाचला गेला तरी अक्षर बदलत नाही. उरलेल्या पाचांमध्ये ती विषम असते, पॅरिटी बिट एक होतो आणि अक्षर बिघडते. अशा वेळी केबल बदलत बसण्याची गरज नसते. फक्त सेटिंग बदलायचे असते.

आता काट्यावर माहीत असलेले वजन ठेवून येणारी ओळ नीट पाहावी. अनेक काटे पाठवतात तशी एक ओळ देवनागरीत लिहायची तर अशी दिसेल :

एसटी,जीएस,+००१२.३४०केजी

यातला एसटी म्हणजे वजन स्थिरावले आहे. ते हलत असताना त्याच जागी यूएस येते आणि क्षमतेपेक्षा जास्त भार पडला तर ओएल. जीएस म्हणजे एकूण वजन. टेअर, म्हणजे रिकाम्या भांड्याचे वजन, वजा केल्यानंतरचे निव्वळ वजन एनटी या अक्षरांनी येते. मूळ रोमन अक्षरांत ही ओळ १७ बाइटांची आहे आणि तिच्या शेवटी न दिसणारे दोन बाइट असतात, ज्यांचे अंकमूल्य १३ आणि १० आहे. म्हणजे एकूण १९ बाइट. काही काटे ओळीच्या सुरुवातीला २ आणि शेवटी ३ या मूल्याचे नियंत्रण बाइट पाठवतात. आपला काटा नेमके काय पाठवतो हे हेक्स स्वरूपात पाहून लिहून ठेवावे आणि वजन शून्य, टेअर घेतलेले, ऋण, हलते आणि जास्त भाराचे असताना येणारी प्रत्येकी एक-एक ओळ फाइलमध्ये जपून ठेवावी. पुढे चाचणीसाठी हीच फाइल लागते.

काट्याच्या मेन्यूत फिरताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. व्यापारासाठी वापरला जाणारा काटा वैधमापनशास्त्र यंत्रणेकडून पडताळून मुद्रांकित केलेला असतो. बॉड रेट किंवा पाठवण्याची पद्धत बदलण्यासाठी सील तोडावे लागत असेल तर थांबावे आणि परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडून ते करून घ्यावे. कॅलिब्रेशनच्या मेन्यूला तर हातच लावू नये.

पोर्ट उघडणे आणि वाचणे

पायथनमध्ये सिरियल पोर्टसाठी पायसिरियल हे पॅकेज वापरले जाते. पिपने बसवताना नाव ‘पायसिरियल’ असे द्यायचे, पण कोडमध्ये आयात करताना नुसते ‘सिरियल’ असे लिहायचे. ‘सिरियल’ याच नावाचे एक वेगळे पॅकेजही पिपला सापडते आणि चुकून ते बसवले तर पोर्टचा क्लासच मिळत नाही. स्वतःच्या फाइललाही ‘सिरियल’ हे नाव देऊ नये. दिल्यास पायथन पॅकेजऐवजी आपलीच फाइल आयात करतो.

पोर्ट उघडताना नाव, बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट ही टर्मिनलमध्ये सिद्ध झालेली मूल्ये जशीच्या तशी द्यावीत, आणि त्यांच्यासोबत टाइमआउट म्हणून ०.२ सेकंद द्यावा. टाइमआउट दिला नाही तर वाचण्याची आज्ञा बाइट येईपर्यंत अनंत काळ थांबते आणि काटा बंद असेल तर प्रोग्राम बंद करणेही अवघड होते. विंडोजवर एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो, हेही ध्यानात ठेवावे. टर्मिनल उघडे राहिले असेल तर विंडोज प्रवेश नाकारला असे सांगते आणि नवखा माणूस उगाच ड्रायव्हर पुन्हा बसवू लागतो.

आता वाचण्याचा भाग. ९६०० बॉडवर एका बाइटला स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० बाइट जातात आणि आपली १९ बाइटांची ओळ सुमारे २० मिलिसेकंदांत पोहोचते. संगणकाच्या दृष्टीने हा काळ फार मोठा आहे. प्रोग्रामने त्या दरम्यान कधीही विचारले तर त्याला अर्धीच ओळ मिळते. एका वाचनात ‘एसटी,जीएस,+००१’ एवढे येते, दुसऱ्या वाचनात ‘२.३४०केजी’, शेवटचे दोन बाइट आणि पुढच्या ओळीचे ‘एसटी,’ असे एकत्र येते. हा दोष नव्हे, सिरियल पोर्टचा स्वभावच असा आहे.

पायसिरियलमध्ये ओळ वाचण्याची तयार आज्ञा आहे आणि अनेक उदाहरणांत तीच वापरलेली दिसते. परंतु टाइमआउट झाला की ती आज्ञा अपुरी ओळही परत देते, आणि ती अपुरी आहे हे वेगळे सांगत नाही. म्हणून स्वतःचा बफर ठेवणे मला अधिक सुरक्षित वाटते. बाइटांची एक रिकामी साठवण घ्यावी. प्रत्येक फेरीत पोर्टवर जितके बाइट थांबले असतील तितके, आणि काहीच नसेल तर निदान एक, एवढे वाचायला सांगावे व जे येईल ते साठवणीच्या शेवटी जोडावे. मग साठवणीत १० मूल्याचा बाइट आहे का ते पाहावे. असेल तर तिथपर्यंतचा तुकडा पूर्ण ओळ म्हणून कापून पुढे द्यावा, उरलेले साठवणीत ठेवावे, आणि असा बाइट सापडत राहील तोवर हेच करावे. साठवण २०० बाइटांच्या पुढे गेली आणि तरीही ओळीचा शेवट दिसला नाही तर ती रिकामी करावी, कारण अशा वेळी बॉड रेट चुकलेला असतो किंवा तारेवर गोंगाट असतो.

कापलेली प्रत्येक ओळ पडताळणीतून जावी. शेवटचे १३ आणि १० मूल्यांचे बाइट काढल्यावर लांबी नेमकी १७ बाइट आहे का, पहिली दोन अक्षरे ओळखीची आहेत का, सातव्या जागी चिन्ह आहे का, नंतरच्या आठ जागांवर आकडे आणि ठरल्या जागीच दशांश चिन्ह आहे का, शेवटी एकक बरोबर आहे का, हे सगळे जुळले तरच ती ओळ मान्य करावी. ही कडक तपासणी अनाठायी वाटू शकते, पण तिचे कारण पाहा. आपण पोर्ट उघडतो तेव्हा काटा आधीच पाठवत असतो. म्हणून पहिली ओळ मधूनच सुरू होते आणि ‘२.३४०केजी’ एवढीच हाती लागते. ओळीतून कसाही आकडा शोधून काढणारा सैल कोड यातून २.३४० किलो असे वजन काढतो. खरे वजन १२.३४० किलो आहे. दहा किलो दूध नाहीसे झाले आणि कोणतीही त्रुटी दिसली नाही. लांबी तपासणारा कोड हीच ओळ मुकाट्याने टाकून देतो आणि पुढची, पूर्ण ओळ घेतो. टाकलेल्या ओळींची मोजणी मात्र ठेवावी. दिवसाला एखाद-दुसरी ओळ गेली तर चिंता नाही. संख्या वाढत असेल तर केबलकडे पाहायला हवे.

मान्य झालेले वजन दशांश अपूर्णांकाच्या फ्लोट प्रकारात न ठेवता ग्रॅमच्या पूर्णांकात ठेवावे, म्हणजे १२.३४० किलो हे १२३४० असे. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तंतोतंत ०.३ होत नाही. महिन्याच्या बिलात अशी पैशापैशाची तफावत निघाली की हिशेबावरचा विश्वास उडतो.

खिडकी गोठू नये म्हणून

पडद्यावरच्या खिडकीसाठी पायथनसोबत येणारे टीकेइंटर पुरेसे आहे. खिडकीचा प्रोग्राम एका अखंड फेरीत चालतो; त्या फेरीतच पोर्टची वाट पाहत बसलो तर बटणे दाबली जात नाहीत आणि विंडोज ‘प्रतिसाद देत नाही’ असे दाखवते. म्हणून वाचनाचे काम वेगळ्या थ्रेडकडे, म्हणजे त्याच प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या भागाकडे, द्यावे. मात्र त्या थ्रेडने खिडकीतल्या कोणत्याही घटकाला थेट हात लावू नये. त्याने पडताळलेली प्रत्येक ओळ आणि ती आल्याची वेळ एका क्यूमध्ये, म्हणजे दोन थ्रेडांमधल्या रांगेत, ठेवावी. खिडकीने दर १०० मिलिसेकंदांनी, टीकेइंटरच्या ‘आफ्टर’ या सोयीने, क्यूमध्ये आहे ते सगळे काढून घ्यावे आणि शेवटचे वजन दाखवावे. प्रोग्राम बंद करताना एक थांबण्याची खूण उभारावी. थ्रेडने ती पाहून स्वतःच पोर्ट बंद करावा आणि मगच खिडकी मिटावी.

सी-शार्पमध्ये काम करणाऱ्यांना डॉटनेटच्या सिरियलपोर्ट क्लासमध्ये माहिती आल्याची सूचना देणारी घटना तयार मिळते, आणि क्यूटी वापरणाऱ्यांनाही तसाच सिग्नल मिळतो. या सूचनेचा अर्थ ‘काही बाइट आले’ एवढाच असतो, ‘एक ओळ आली’ असा नसतो. त्यामुळे वर सांगितलेला बफर तिथेही टळत नाही. डॉटनेटमध्ये ही घटना दुसऱ्या थ्रेडवर घडते, म्हणून खिडकीत आकडा लिहिण्यासाठी इन्व्होकमधून, म्हणजे खिडकीच्या थ्रेडकडे काम सोपवणाऱ्या सोयीतून, जावे लागते.

कोणते वजन खरे मानायचे

समजा, प्रोग्राम एरवी पोर्टकडे पाहत नाही आणि ‘वजन घ्या’ हे बटण दाबल्यावरच एक ओळ वाचतो. काटा सेकंदाला दहा ओळी पाठवत आहे. एका उत्पादकाची किटली काट्यावर रिकामी झाली, वजन घेतले, पावती निघाली. पुढचा माणूस पुढे येईपर्यंत दहा सेकंद गेले. तेवढ्यात ऑपरेटिंग सिस्टिमच्या बफरमध्ये १९०० बाइट साचले. आता बटण दाबले की बफरमधली सर्वांत जुनी ओळ बाहेर येते, म्हणजे आधीच्या माणसाचे वजन. ओळ पूर्ण आहे, स्थिर आहे, पडताळणीत उत्तीर्ण होते, आणि तरीही ती दुसऱ्याच माणसाची आहे. काट्याच्या इंडिकेटरवर वेगळा आकडा आणि पावतीवर वेगळा, असे भांडण यातूनच उभे राहते आणि दोष काट्याला लागतो.

यावरचा उपाय म्हणजे थ्रेडने पोर्ट सतत वाचत राहणे आणि प्रत्येक ओळीसोबत तिची वेळ ठेवणे. बटण दाबल्यावर शेवटची ओळ एका सेकंदापेक्षा जुनी असेल तर वजन घेऊच नये. बटण दाबण्याच्या क्षणी बफर रिकामा करून नव्या ओळीची वाट पाहणे हाही एक मार्ग आहे, पण बफर नेमका ओळीच्या मध्यावर रिकामा होऊ शकतो, म्हणून लांबीची तपासणी तिथेही हवीच.

वेळेखेरीज आणखी दोन अटी घालाव्यात. पहिली स्थिरतेची : ओळीत एसटी असावे आणि सलग तीन ओळींमध्ये वजन तेच असावे. दूध ओतताना पृष्ठभाग हलत असतो आणि काही काटे स्थिरतेची खूण जरा घाईने देतात, त्यामुळे तीन ओळींची खात्री उपयोगी पडते. सेकंदाला दहा ओळींच्या वेगात ती केवळ ०.३ सेकंद खाते. दुसरी अट शून्याला परतण्याची : एक वजन नोंदवल्यानंतर काटा एकदा शून्याच्या जवळ, समजा २०० ग्रॅमच्या खाली, आल्याशिवाय दुसरी नोंद घेऊ नये. बटण चुकून दोनदा दाबले गेले तरी मग एकाच दुधाची दोनदा नोंद होत नाही.

केंद्रावर हिशेब लिटरमध्ये होत असेल तर किलोचे लिटर करण्याचे काम प्रोग्रामने करावे, परंतु लपवून करू नये. एक लिटर दुधाचे वजन साधारण १.०३ किलो असते. वापरलेला गुणक सेटिंगमध्ये असावा, आणि पावतीवर किलो, गुणक आणि लिटर तिन्ही छापावेत. काटा बंद पडल्यास वजन हाताने टाइप करण्याची सोय द्यावी लागते. अशा नोंदीसमोर पावतीवर ‘हस्तनोंद’ असा शब्द यायलाच हवा. उत्पादकाला काट्यावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा शेजारी ठेवून स्वतः पडताळता आला पाहिजे, हा त्याचा हक्क आहे आणि तो सांभाळणे कोड लिहिणाऱ्याच्या हातात असते.

सर्वच काटे आपणहून ओळी पाठवत नाहीत. काहींना आधी एखादे ठराविक अक्षर किंवा ५ या मूल्याचा चौकशीचा बाइट पाठवावा लागतो आणि त्यावर ते एक ओळ देतात. अशा काट्याशी बोलताना एका वेळी एकच मागणी करावी, अर्धा सेकंद उत्तराची वाट पाहावी आणि उत्तर आले नाही तर तीनदा प्रयत्न करून वापरणाऱ्याला सांगावे. दोन्ही पद्धती उपलब्ध असतील तर सतत पाठवण्याची पद्धत निवडावी, असे माझे मत आहे. काटा जिवंत आहे की नाही हे त्यात लगेच कळते.

तार निघाली तर

केंद्रावर झाडू मारताना यूएसबीची तार निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. तार निघाली की पायसिरियल वाचताना अपवाद उभा करते. थ्रेडने तो पकडावा, पोर्ट बंद करावा, बफर रिकामा करावा आणि दर दोन सेकंदांनी पुन्हा उघडण्याचा प्रयत्न करत राहावे. काट्याची वीज गेली आणि यूएसबी तशीच राहिली तर मात्र अपवाद येत नाही, फक्त ओळी थांबतात; म्हणून शेवटच्या ओळीची वेळही पाहत राहावी. दोन्ही प्रसंगी पडद्यावरचे वजन पुसून ‘काटा जोडलेला नाही’ असे ठळक दाखवावे. शेवटचा आकडा तसाच पडद्यावर ठेवणे ही मोठी चूक ठरेल, कारण दिसणारे वजन आत्ताचेच आहे असे प्रत्येक जण धरून चालतो.

यूएसबी दुसऱ्या खाचेत लावली तर विंडोज पोर्टला वेगळा क्रमांक देऊ शकते. कॉम-३ हे नाव कोडमध्ये कोरून ठेवण्याऐवजी पायसिरियलच्या पोर्टयादीतून चिपचा उत्पादक क्रमांक, उत्पादन क्रमांक आणि अनुक्रमांक वाचावा आणि सेटिंगमध्ये ठेवलेल्या मूल्यांशी जुळणारा पोर्ट उघडावा. फॅट मोजणारे यंत्रही त्याच संगणकाला जोडलेले असेल तर हे अत्यावश्यक आहे, अन्यथा एका यंत्राची माहिती दुसऱ्याच्या नावाने वाचली जाऊ लागते.

काट्याशिवाय चाचणी

पहिली चाचणी एका छोट्या तारेने होते. कन्व्हर्टरच्या दोन आणि तीन या पिना एकमेकींना जोडल्या की पाठवलेले अक्षर परत आपल्याकडेच यायला हवे. आले तर कन्व्हर्टर, ड्रायव्हर आणि पोर्टचे नाव या तिन्हींची खात्री झाली.

पुढे खोटा काटा तयार करावा. विंडोजवर कॉम-झिरो-कॉम आणि लिनक्सवर सोकॅट हे प्रोग्राम एकमेकांना जोडलेली आभासी पोर्टांची जोडी देतात. एका टोकाला आपला प्रोग्राम ठेवावा आणि दुसऱ्या टोकाला जपून ठेवलेल्या फाइलमधल्या ओळी पाठवणारा एक छोटा पायथन प्रोग्राम. त्याने मुद्दाम त्रास द्यावा : ओळीचे तीन तुकडे करून मध्ये थांबावे, एखादा बाइट गाळावा, ओळीच्या मध्यापासून सुरुवात करावी, दहा सेकंद गप्प बसावे, मग एकदम पन्नास ओळी सोडाव्यात. एवढे झाल्यावरही प्रोग्रामने एकही चुकीचे वजन स्वीकारले नाही, तर तो खऱ्या काट्यासमोर न्यायला हरकत नाही.

केंद्रावर बसवताना

पायइन्स्टॉलरने प्रोग्रामची एक चालवता येणारी फाइल होते, त्यामुळे केंद्रावरच्या संगणकात पायथन बसवावा लागत नाही. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करावे, नाहीतर सकाळ-संध्याकाळच्या संकलनामधल्या रिकाम्या वेळेत कन्व्हर्टर झोपवला जाऊ शकतो. आरएस-२३२ ची केबल साधारण १५ मीटरच्या आत ठेवावी आणि कूलरच्या कॉम्प्रेसरच्या वीजतारांपासून दूर न्यावी. वजनपुलासारख्या ठिकाणी काटा आणि केबिन यांत याहून जास्त अंतर असेल तर आरएस-४८५ वापरावे. ते पिळाच्या जोडतारेवर कमी वेगाने १२०० मीटरपर्यंत चालते आणि दोन्ही टोकांना कन्व्हर्टर लावले की प्रोग्रामच्या दृष्टीने फारसे काही बदलत नाही.

शेवटी नोंदवहीची, म्हणजे लॉग फाइलची सोय करावी. पोर्ट कधी उघडला, कधी तुटला, कोणत्या ओळी टाकल्या आणि स्वीकारलेल्या प्रत्येक वजनामागची मूळ ओळ काय होती, हे वेळेसह फाइलमध्ये लिहावे. रोजची वेगळी फाइल करून निदान बिलाच्या कालावधीपेक्षा जास्त दिवस ती जपावी. एखाद्या उत्पादकाने दहा दिवसांपूर्वीच्या सकाळच्या वजनाबद्दल विचारले, तर त्या क्षणी काट्याने नेमके कोणते १७ बाइट पाठवले होते ते त्याला उघडून दाखवता येते.